दौंड जंक्शनवरील वाफेच्या इंजिनांची शेड : इतिहास आणि जतनाचा प्रश्न

पुण्याहून अहमदनगरकडे (२०२४ पासून अहिल्यानगर) जाणारा जुना रस्ता शिरूरवरून, म्हणजेच घोडनदीच्या पेठेवरून जातो. लोहमार्गाने मात्र शिरूरला बगल देऊन दौंड गाठले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुणे-डिकसळ हा टप्पा डिसेंबर १८५८ मध्ये वाहतुकीस खुला झाला, तेव्हा दौंड हे तत्कालीन भीमथडी तालुक्यातील भीमाकाठचे एक गाव होते. त्याचे जंक्शन झाले ते १८७८ मध्ये, दौंड-मनमाड मार्गामुळे. सुमारे २३६ किलोमीटरच्या या मार्गाचे मातीकाम १८७६-७८ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून करण्यात आले. दौंडच्या रेल्वे-इतिहासाचा आरंभ असा उपाशी माणसांच्या श्रमातून झाला, ही बाब स्थानिक इतिहासलेखनात जितकी ठळकपणे यावयास हवी तितकी आलेली नाही. १९१४ मध्ये सुमारे ४४ किलोमीटरचा बारामती फाटा अरुंदमापी लोहमार्ग म्हणून सुरू झाला. कालांतराने तो रुंदमापी करण्यात आला.

जंक्शनची रचनाच अशी होती की, पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंड येथे दिशा बदलावी लागे. डिझेल वा विजेच्या इंजिनाच्या बाबतीत हे काम थोडक्यात आटोपते. वाफेच्या इंजिनाची गोष्ट निराळी होती. कोळसा-पाण्याचा टेंडर पुढे ठेवून उलटे धावताना चालकास समोरचा मार्ग नीट दिसत नाही आणि कोळशाची धूळ अंगावर येते. म्हणून इंजिन गाडीपासून सोडवून टर्नटेबलवर, म्हणजे खड्ड्यात मध्यभागी टेकू दिलेल्या फिरत्या पुलावर आणून वळवावे लागे. इंजिनाचा भार नेमका मध्यावर तोलला गेला, तर काही माणसेही असा पूल हाताने फिरवू शकत. तोल चुकला तर तो हलत नसे.

पाश्चात्त्य देशांत टर्नटेबलभोवती वर्तुळाकार इमारत बांधून प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र जागा देण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे कोणतेही इंजिन इतरांना न हलवता बाहेर काढता येई. परंतु फिरता पूल बिघडला की सारीच इंजिने आत अडकत. भारतात सरळ, लांबट शेडच अधिक बांधल्या गेल्या आणि टर्नटेबल बाहेर उघड्यावर राहिले. जतनाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. वर्तुळाकार इमारत पाहताच तिचे वैशिष्ट्य ध्यानी येते. सरळ शेड मात्र पत्र्याचे एखादे गोदाम वाटते आणि तशीच पाडलीही जाते.

अशा शेडचे खरे स्वरूप इमारतीपेक्षा तेथील कामात होते. थंड इंजिनात वाफ तयार होण्यास कित्येक तास लागत. म्हणून पहाटेच्या गाडीसाठी भट्टी आदल्या रात्रीच पेटवली जाई. राखेच्या खड्ड्यावर भट्टी झाडणे, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुऊन आतील क्षार काढणे, नळ्या साफ करणे ही कामे अखंड चालत. कॉलबॉय ड्रायव्हर-फायरमनच्या घरी जाऊन त्यांना कामाची वर्दी देत असे. क्लीनर, फायरमन, शंटर, ड्रायव्हर अशी बढतीची शिडी होती आणि ती चढण्यात माणसाचे अर्धे आयुष्य सरे.

दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला त्याच वर्षी, १८७८ मध्ये, मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामास प्रारंभ झाला. ती वास्तू (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. त्याच २००४ मध्ये जपानने क्योतो येथील उमेकोजी या १९१४ च्या वर्तुळाकार शेडला महत्त्वाच्या सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा दिला. १९७२ पासून ती संग्रहालय म्हणून वापरात होतीच. एकीकडे प्रवाशांसमोर मिरवणारी वास्तू गौरवली गेली, दुसरीकडे काजळीने माखलेले श्रमस्थळ. ही तुलना आपल्या वारसादृष्टीविषयी बरेच काही सांगून जाते. इंग्लंडमधील डर्बीची १८३९ ची वर्तुळाकार शेड तर २००९ पासून एका महाविद्यालयाचा परिसर झाली आहे. भारतातही हरियाणातील रेवाडी येथील १८९३ ची शेड चालू स्थितीतील वाफेच्या इंजिनांसह जतन करण्यात आली असून, हे काम रेल्वेनेच केले आहे. तेव्हा अडचण कायद्याची वा कौशल्याची आहे, असे म्हणता येत नाही.

दौंडच्या बाबतीत भव्य वास्तूचा आग्रह धरणे अनाठायी ठरेल. तेथे जतन करण्याजोगी आहे ती मांडणी : पाण्याची सोय, कोळशाचा फलाट, राखेचा खड्डा, टर्नटेबल आणि रेल्वे वसाहत यांचे परस्परसंबंध. जुने नकाशे आणि प्रत्यक्ष जागा यांची मोजणीसह तुलना करणे हे पहिले काम होय. रेल्वे प्रशासनाच्या परवानगीने दौंड व शिरूर येथील महाविद्यालयांचे इतिहास व भूगोल विभाग ते करू शकतात. दुसरे काम अधिक निकडीचे आहे. भारतीय रेल्वेच्या रुंदमापी मार्गावरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ मध्ये संपली. १९७५ मध्ये विसाव्या वर्षी क्लीनर म्हणून रुजू झालेल्या कामगाराने आज सत्तरी गाठली आहे. भट्टीत कोळसा कोणत्या बाजूला किती टाकावयाचा, हे त्याच्या हाताला ठाऊक आहे. कोणत्याही दप्तरात त्याची नोंद नाही.