विदर्भातील पलायनविवाहाची परंपरा

नागपूरच्या पश्चिमेस, अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडिण्यपूर हे परंपरेने प्राचीन विदर्भाची राजधानी मानले जाते, आणि पूर्वनियोजित पलायनविवाहाची भारतीय साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध कथा याच स्थळाशी निगडित आहे. भागवत पुराणाच्या दशम स्कंधानुसार, भावाने शिशुपालाशी ठरविलेला विवाह अमान्य असलेल्या रुक्मिणीने ब्राह्मणाकरवी कृष्णाला निरोप धाडला आणि विवाहाच्या पूर्वदिवशी कुलरीतीप्रमाणे नगराबाहेरील अंबिकेच्या दर्शनास जाताना आपले हरण करावे, असे सुचविले; म्हणजे स्थळ, वेळ व निमित्त या तिन्हींची निवड वधूनेच केली. महाभारतातील सुभद्राहरणही रैवतक पर्वताच्या परिसरात घडते, परंतु तेथे बेत कृष्णार्जुनांचा आहे. मनुस्मृतीतील आठ विवाहप्रकारांपैकी परस्परसंमतीचा तो गांधर्व आणि बलाने कन्या नेण्याचा तो राक्षस. रुक्मिणीच्या विवाहात संमती पहिल्याची, तर रीत दुसऱ्याची दिसते. महानुभाव कवी नरेंद्र आणि पुढे संत एकनाथ यांनी ही कथा मराठीत आणली. आज 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार अशा जोडप्याला रथाऐवजी 30 दिवसांची जाहीर नोटीस आणि 3 साक्षीदार लागतात.