आवाज गेला तरी माणूस बोलतो: घशाच्या कॅन्सरची दीडशे वर्षं

आजच्या भागात एक जर्मन बादशाह आहे, महाराष्ट्राचे दोन मोठे नेते आहेत आणि आपल्या चौकातला पानठेलाही आहे. विषय आहे घशाचा आणि तोंडाचा कॅन्सर. मी चंद्रपूरचा. आमच्याकडे हा आजार जवळपास प्रत्येकाच्या ओळखीत कुणाला तरी झालेला असतो. तरी त्याचा इतिहास कुणी सांगत नाही, म्हणून आज तो सांगतो.

सुरुवात करू १८८७ पासून. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक. आवाज बसला होता आणि काही केल्या सुटत नव्हता. जर्मन डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, ऑपरेशन करा. लंडनहून आलेले डॉक्टर मॅकेन्झी म्हणाले, आधी तुकडा काढून तपासू. तपासणीत कॅन्सर सापडला नाही आणि ऑपरेशन टळलं. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वास कोंडायला लागला, तेव्हा गळ्याला भोक पाडावं लागलं. मार्चमध्ये तो बादशाह झाला, पण बोलता येत नव्हतं. हुकूम कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून द्यायचा. ९९ दिवस राज्य केलं आणि १५ जूनला गेला. युरोपातले नामांकित डॉक्टर उशाशी होते, पण वेळ हातातून गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा इलाजच कुठे होता? तर होता. व्हिएन्नात ३१ डिसेंबर १८७३ ला बिलरोथ नावाच्या सर्जनने कॅन्सरसाठी एका रुग्णाचं अख्खं स्वरयंत्र काढलं होतं. त्याच्या सहकाऱ्याने त्या रुग्णासाठी कृत्रिम आवाजाचं यंत्रही बनवलं. कॅन्सर परत आला आणि काही महिन्यांत रुग्ण गेला. पण एक गोष्ट बघा, पहिल्याच ऑपरेशनपासून डॉक्टरांपुढे दोन प्रश्न होते: माणूस वाचेल का, आणि वाचला तर बोलेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं चांगलं उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली. १९८० मध्ये अमेरिकेत सिंगर आणि ब्लॉम या दोघांनी एक छोटीशी झडप लोकांपुढे आणली. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये ती बसवतात. गळ्याचं भोक बोटाने दाबलं की फुप्फुसातली हवा अन्ननलिकेत जाते, तिथलं आतलं अस्तर थरथरतं आणि आवाज निघतो. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ३३२ रुग्णांच्या अभ्यासातून कळलं की केमो आणि रेडिएशन दिलं तर जवळपास दोन तृतीयांश जणांचं स्वरयंत्र काढावंच लागत नाही. आणि आपल्याकडे बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी अशीच झडप पन्नास रुपयांच्या आसपास बनवून दाखवली.

मग आमच्या जिल्ह्यांत अडतं कुठे?

आधी कारण समजून घेऊ. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. खर्रा मात्र राहिला. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि गालात दाबायचा. नुसत्या सुपारीनेही तोंड आखडतं. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच या आजाराची नोंद केली होती. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला थेट कॅन्सरकारक ठरवलं. हे झालं तोंडाचं. स्वरयंत्राच्या कॅन्सरमागे जास्त करून धूर असतो, म्हणजे बिडी. आणि बिडीचं पान, तेंदू, आमच्याच जंगलातलं. उन्हाळ्यातल्या त्या हंगामावर हजारो घरं चालतात. अनेक ग्रामसभा तो स्वतः विकतात. त्यामुळे ‘बिडी वाईट’ एवढं म्हणून इथे भागत नाही.

माझे मोठे बाबा बिडीवालेच. आवाज बसला, तेव्हा तेंदूचा हंगाम तोंडावर होता. म्हणाले, “हंगाम सरू दे, मग पाहू.” हंगाम सरला, पाऊस आला, रोवणी आली. नागपूरला नेलं, तेव्हा स्वरयंत्र काढण्याशिवाय पर्याय उरला नव्हता. नंतर सहा आठवडे रेडिएशन, आठवड्यातले पाच दिवस. तोंडावर जाळीचा मास्क घट्ट आवळून टेबलावर झोपायचं. तोंड सुकलेलं, चव गेलेली, नाकातल्या नळीने पातळ जेवण. वजन किती उतरलं ते आम्ही बोलून दाखवत नव्हतो. घरी आल्यावर सगळंच नव्याने शिकणं. गळ्याच्या भोकात पाणी जाऊ नये म्हणून बसून, जपून आंघोळ. धूळ जाऊ नये म्हणून वर ओला गॉज. चहावर फुंकर मारणं बंद, कारण श्वास तोंडातून येतच नाही.

झडप बसवल्यावर पहिल्या दिवशी नुसता ‘आ’ निघाला. मग काही आठवड्यांनी शब्द. आता फोन लागला की आधी एक क्षण शांतता असते, बोट गळ्यावर जातं, मग खरखरीत आवाजात ऐकू येतं, “बोल.” अनोळखी लोक घाबरून फोन कापतात. ते पुन्हा लावतात.

आता ते दोन नेते. शरद पवारांना २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि पुढची दहा वर्षं ते केंद्रात कृषिमंत्री होते. गुटख्याची सवय भोवली, हे ते जाहीरपणे सांगतात. दुसरे आर. आर. पाटील, आपले आबा, गडचिरोलीचे पालकमंत्री. त्यांनाही तंबाखूची सवय होती. १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरने ते गेले, वय अवघं ५७. एकाच पक्षातली दोन माणसं, एकाच प्रकारचा आजार.

जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. त्याच महिन्यात मोफत उपचारांची जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यात गडचिरोली होतं. हीच आजची महात्मा फुले योजना. २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने सरकार आणि टाटा ट्रस्टसोबत ‘मुक्तिपथ’ सुरू केलं. म्हणजे औषध आहे, योजना आहे, गावोगावी सांगणारी माणसंही आहेत. पण गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर, आणि भामरागडच्या माणसाला आधी गडचिरोली गाठायलाच अर्धा दिवस. एवढा प्रवास आणि मजुरी बुडवणं ‘नुसत्या बसलेल्या आवाजासाठी’ कोण करेल? म्हणून तर उशीर होतो. बादशाहाचा झाला तसाच.

म्हणून हे लक्षात ठेवा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, फोड भरत नसेल, गिळताना त्रास होत असेल, मानेत गाठ लागत असेल, तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर हंगामाची वाट पाहू नका. लवकर सापडला तर बहुतेकदा आवाज वाचतो. घरात कुणी खर्रा किंवा बिडी घेत असेल, तर हा भाग त्यांना नुसता फॉरवर्ड करू नका. शेजारी बसून ऐकवा. मग मोबाइलची टॉर्च लावा आणि म्हणा, “आ करा पाहू.”

भेटू पुढच्या भागात.