मिशी लावून केलेली ‘शारदा’

मागच्या बैठकीत हिशेबाची वही मिटताना एका मावशींनी मला विचारलं, “तू कॉलेजात मिशी लावून नाटक केलंस, खरं का गं?” खरं आहे. पण ते सांगण्याआधी थोडं मागे जाऊ.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं. त्यातली शकुंतला पुरुषच होता. घरंदाज बाईनं नाटकात उभं राहायचं नाही, असा तेव्हाचा दंडक. लुगडं नेसायचं पुरुषांनी, पदर सावरायचा पुरुषांनी. पुढे बालगंधर्व आले. त्यांचा शालू आणि गजरा पाहून चांगल्या घरच्या बायका तशा नटू लागल्या. नटणं बायकांनी पुरुषाकडून शिकावं, आहे की नाही गंमत!

उलटंही घडलं, ते मात्र कुणी फारसं सांगत नाही. बेळगावकर स्त्री संगीत मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी अशा नुसत्या बायकांच्या नाटक कंपन्या होत्या. तिथे राजाही बाईच, प्रधानही बाईच. या बायकांना टाळ्या मिळाल्या, मान कमीच मिळाला. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांनीच स्त्रियांच्या भूमिका केल्या, तेव्हा कुठे वारं फिरलं.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मात्र ते वारं पोचलं नव्हतं. नाटकात मुलगे नसतील तरच मुलींना घरून परवानगी मिळायची. म्हणून आम्ही मुलींनीच देवलांचं ‘संगीत शारदा’ बसवलं. १८९९ चं नाटक. पैशासाठी बाप आपली कोवळी पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. तो बाप, कांचनभट, मी होते. धोतराला सहा पिना आणि ओठावर मिशी. घाम आला की ती सुटायची.

सौद्याचा प्रवेश मला जमेना. बाई म्हणाल्या, “बाजारात भाजी घेताना घासाघीस करतेस ना? तशीच कर.” तशी केली आणि झटकन जमलं. समोर शारदा झालेली मैत्रीण बसली होती. ती हसली नाही. तिला त्याच आठवड्यात पाहुणे बघून गेले होते. अठरा पूर्ण व्हायला तिला तीन महिने कमी होते.

१९२९ साली बालविवाह रोखायला कायदा झाला. लोक त्याला शारदा कायदा म्हणतात. तो या नाटकावरून नाही हं, हरविलास सारडा यांच्या नावावरून. त्यात मुलीचं वय चौदा होतं, आता अठरा आहे. आणि नाटकात तरी काय होतं? शारदेचं लग्न मोडतं, ते तिला नको असतं म्हणून नाही. नवरानवरी एकाच गोत्राचे निघतात म्हणून. तालमीत हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. मला ते प्रयोगाच्या रात्री कळलं, पहिल्या रांगेत तिचे वडील टाळ्या वाजवत होते तेव्हा.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती कॉलेजला आली नाही.

आज ती आमच्याच गटात आहे. हप्ता कधी चुकवत नाही. तिची मुलगी दहावीत आहे. परवा सह्या करताना मला म्हणाली, “शाळेच्या गॅदरिंगला पोरीला राजा व्हायचंय. तुझी ती मिशी आहे का गं अजून?”

मिशी केव्हाच हरवली. धोतर आहे, ते धुऊन दिलंय.