प्याद्याचा वजीर

बुद्धिबळ आमचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या छाती फुगवून सांगत आलो. चतुरंगाचा जन्म इथला, हे खरंच. पण बारसं आपण केलं आणि पोर वाढलं परक्या अंगणात! १९५२ ते १९९० या काळात सोव्हिएत संघ ज्या ज्या ऑलिम्पियाडला उतरला, तिथलं सुवर्णपदक त्यानंच नेलं. अपवाद एकच, १९७८ साली हंगेरीनं मारलेली बाजी.

तिकडे सरकार पोरांना पट देई, शिक्षक देई. इकडे पोरानं पट मांडला की वडील विचारीत, "गणिताचं पुस्तक कुठाय?" पुढे १९७२ साली फिशरनं स्पास्कीला हरवलं, तेव्हा याच वडिलांनी पेपरातले डाव कापून ठेवले. लपवून, अर्थात!

१९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, तर हरलेल्यांना एकदम नियम आठवले. बाईला मज्जाव करता येणार नाही, हे शेवटी जागतिक संघटनेला सांगावं लागलं.

१९८८ साली आनंद पहिला भारतीय ग्रँडमास्टर झाला आणि प्यादी सरकू लागली. २०२४ साली बुडापेस्टला खुल्या आणि महिला, दोन्ही गटांत सुवर्ण. त्याच वर्षी १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखकडे महिलांचा विश्वचषक.

आता आपल्याला कोण मागे टाकणार? चीन २०१४ आणि २०१८ साली ऑलिम्पियाड जिंकून बसलाय, उझबेकिस्तान २०२२ साली. माझं मत विचाराल, तर ज्या देशातले वडील गणिताचं पुस्तक शोधायचं सोडून पोरीसमोर पट मांडून बसतील, तो देश!