गोल्फ क्लबची ग्रिप : न फाडता काढा, पुन्हा वापरा

गोल्फच्या खेळात खेळाडूचा हात क्लबला एकाच ठिकाणी लागतो, तो म्हणजे ग्रिप. सुमारे २७ सेंटिमीटर लांबीची आणि साधारणपणे ५० ग्रॅम वजनाची ही रबरी मूठ निसटती वा कडक झाली, की हात नकळत अधिक घट्ट आवळला जातो आणि फटका बिघडतो. म्हणून जुनी ग्रिप बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र बदललेली प्रत्येक ग्रिप निकामी झालेली असतेच असे नाही. शाफ्ट मोडणे, क्लबची लांबी कमी करणे किंवा ग्रिप हाताला बारीक वाटणे, अशा वेळी धडधाकट ग्रिपही काढावी लागते. एका फेरीत नियमानुसार १४ क्लब बाळगता येतात. सगळ्या संचाच्या ग्रिप नव्याने घ्यायच्या तर खर्च बराच वाढतो. थोडा धीर धरला तर चांगली ग्रिप अखंड काढून पुन्हा बसवता येते.

ग्रिप चिकटते कशी?

पूर्वी क्लबच्या मुठीवर चामड्याची पट्टी गुंडाळली जात असे. विसाव्या शतकाच्या मध्यास रबरी ग्रिपचा प्रसार झाला. अमेरिकेतील थॉमस फॉविक यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेली 'गोल्फ प्राइड' ही या व्यवसायातील जुनी कंपनी होय. आजची रबरी ग्रिप शाफ्टवर सरकवून बसवलेली असते. शाफ्टवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावलेली असते. बसवतेवेळी टेपवर द्रावक ओतला की तिचा चिकटपणा काही काळ नाहीसा होतो आणि ग्रिप सहज सरकते. द्रावक उडून गेला की ती पुन्हा घट्ट धरते. काढण्याची युक्तीही यातच आहे. रबर ओढायचे नाही, टेपचा चिकटपणा पुन्हा सैल करायचा.

आधी पारख

ग्रिप पुन्हा वापरण्याजोगी आहे का, हे आधी पाहावे. कोमट पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून ती मऊ ब्रशने घासावी व कोरडी करावी. त्यानंतरही पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकाकता राहिला, नखाने दाबल्यास रबर कडक लागले, बारीक भेगा दिसल्या किंवा अंगठ्याच्या जागी खड्डा पडला असेल, तर तिच्यावर श्रम घेण्यात अर्थ नाही. अशी ग्रिप आकड्याच्या आकाराच्या पात्याने, शरीरापासून दूर कापत, उभी चिरून काढावी. शाफ्ट ग्रॅफाइटचा असल्यास सरळ पात्याची सुरी अजिबात वापरू नये. पात्याची खोल रेघ कार्बनच्या तंतूंना छेदते आणि शाफ्ट पुढे त्याच जागी तुटू शकतो. ग्रिप वाचवताना शाफ्ट गमावणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

अखंड काढण्याच्या पद्धती

घरच्या घरी सर्वांत सोयीची पद्धत इंजेक्शनच्या सुईची. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातांत नायट्राइलचे मोजे घालावेत. सिरिंजमध्ये द्रावक भरून सुई ग्रिपच्या खालच्या तोंडापासून काही सेंटिमीटरवर तिरकी टोचावी आणि तिचे टोक टेपपर्यंत पोहोचवावे. दट्ट्या हळूहळू दाबावा. रबर किंचित फुगलेले दिसले की द्रावक आत पसरू लागला असे समजावे. मग तीन-चार सेंटिमीटर वर सरकून हीच कृती करावी. आधीच्या छिद्रांवर बोट ठेवावे, कारण दाबाने द्रावकाची चिळकांडी उडते आणि चष्म्याचे महत्त्व तेव्हाच कळते. शेवटी ग्रिप पिळून फिरवावी. ती मोकळी फिरू लागली की एका दमात ओढून काढावी. मध्येच थांबल्यास टेप पुन्हा धरते. सुईची छिद्रे रबरात सहसा दिसेनाशी होतात. सुतासारखे धागे विणलेली ग्रिप मात्र कमी ताणली जाते, तिला अधिक वेळ द्यावा लागतो.

पोलादी शाफ्टसाठी गुळगुळीत, लांब आणि बारीक सळईही चालते. खालच्या तोंडातून द्रावक सोडत सळई ग्रिप व शाफ्ट यांच्यामध्ये सरकवावी आणि शाफ्टभोवती फिरवावी. तिसरी पद्धत हवेच्या दाबाची. ग्रिपच्या टोकावरील छिद्रात काँप्रेसरची तोटी धरल्यावर रबर फुगून ग्रिप सरकते. पण दाब अधिक झाल्यास रबर फाटते, म्हणून दाब कमी ठेवून सुरुवात करावी. ही सोय घरी क्वचितच असते.

क्लब व्हाइसमध्ये धरायचा असल्यास शाफ्टभोवती रबरी आवरण हवेच. ग्रॅफाइटची नळी थेट आवळल्यास चिरडते.

द्रावक कोणता?

या कामातील खरा धोका येथे आहे. पेट्रोलने टेप झटकन सुटते, म्हणून अनेकांना त्याचा मोह होतो. परंतु पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानालाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत स्वयंपाकघरातील शेगडीपर्यंत किंवा देवघरातील समईपर्यंत पोहोचते. बंद फ्लॅटमध्ये हा आगीशी खेळ होय. पेट्रोल वापरूच नये. रॉकेल तेलकट थर मागे ठेवते आणि ग्रिप फिरत राहते. रंगाच्या थिनरमुळे ग्रॅफाइटवरील रंग व रबर खराब होण्याची भीती असते. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन त्या मानाने बरे. ते सुमारे ३५ ते ४० अंशांच्या पुढे पेट घेते. आपल्याकडील उन्हाळ्यात हे तापमान गाठणे कठीण नाही, म्हणून तेही गॅलरीत, सावलीत, वाहत्या हवेत आणि ज्योतीपासून दूरच वापरावे. उरलेले टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. भिजलेली फडकी चुरगाळून न टाकता उघड्यावर पसरून वाळवावीत. वापरलेली सुई टोपण लावून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

पुन्हा बसवताना

जुनी टेप शाफ्टवरून पूर्णपणे काढावी. केस वाळवण्याच्या यंत्राच्या मंद उष्णतेने ती मऊ होते. ग्रॅफाइटवर प्लॅस्टिकची पट्टीच वापरावी. ग्रिपच्या आत राहिलेले टेपचे तुकडे ओढून काढावेत, आतील भाग द्रावकाच्या फडक्याने पुसावा आणि ग्रिप रात्रभर वाळू द्यावी. आत चिकटलेली एखादी गुठळीही मुठीत टोचत राहते.

नवी टेप शाफ्टला उभी गुंडाळावी. वरच्या टोकाला सेंटिमीटरभर टेप पुढे ठेवून ती शाफ्टच्या पोकळीत दुमडावी, म्हणजे धातूची कड ग्रिपचे टोपण कापणार नाही. ग्रिप हाताला बारीक वाटत असेल, तर नवी जाड ग्रिप घेण्याआधी खाली साध्या मास्किंग टेपचा एखादा जादा थर देऊन पाहावा. एका थराने व्यास सुमारे ०.४ मिलिमीटरने वाढतो.

टोपणाचे छिद्र गोल्फच्या टीने बंद करून ग्रिपमध्ये द्रावक ओतावा, तोंड दाबून हलवावे आणि तोच द्रावक टेपवर ओतावा. खाली ट्रे ठेवावा. त्यानंतर ग्रिपचे तोंड चिमटीत धरून ती एका दमात टोकापर्यंत ढकलावी. पहिल्या मिनिटात ती फिरवून सरळ करता येते. ग्रिपला आतून उभी धार असल्यास ती क्लबच्या तोंडाच्या रेषेशी जुळवून घ्यावी. पुटरच्या ग्रिपची सपाट बाजूही अशीच सरळ यावी. मिनरल टर्पेंटाइन सावकाश उडते. त्यामुळे क्लब किमान एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस वापरू नये.

खेळण्यापूर्वी ग्रिप दोन्ही हातांनी घट्ट पिळून पाहावी. ती तसूभरही फिरली, तर आणखी एक दिवस थांबावे. जोरदार फटक्यात निसटलेला क्लब बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही लागू शकतो.