उद्‌जन: शब्द, पाणी आणि विजेची किंमत

१९५६ पर्यंत गोंदिया हे भंडारा जिल्ह्यातील तहसिलीचे गाव मध्यप्रदेश राज्यात मोडत असे. त्या राज्याची राजधानी नागपूर; आणि तेथेच डॉ. रघुवीर यांचे परिभाषानिर्मितीचे कार्य चालू होते. हायड्रोजनास त्यांनी ‘उद्‌जन’ हा शब्द योजिला. फ्रेंच रसायनज्ञांनी १७८७ मध्ये रूढ केलेल्या मूळ संज्ञेचा अर्थ ‘जलोत्पादक’ असाच आहे. आणि ग्रीक ‘हुदोर’ व संस्कृत ‘उदक’ ही एकाच मुळाची अपत्ये आहेत. व्यवहारात अर्थात ‘हायड्रोजन’च रुळला, व त्याविषयी प्रस्तुत लेखकाची तक्रार नाही.

तथापि शब्दातील पाण्यामुळे एक भ्रम संभवतो. १९९९ मध्ये स्वतंत्र झालेला गोंदिया जिल्हा तलावांचा. नवेगावबांध आणि इतर अनेक माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात, पाहिले म्हणजे उन्हाच्या बळावर पाण्यातून इंधन काढणे येथे सहज साधेल, असे वाटू लागते. वास्तविक एक किलो हायड्रोजनास रासायनिक हिशेबाने पाणी लागते केवळ ९ लिटर. वीज मात्र ५० ते ५५ युनिट लागते, आणि तो वायू जाळून परत मिळते सुमारे ३३ युनिट उष्णता. सौर वीज अडीच रुपये युनिट धरली तरी नुसत्या विजेचेच १२५ ते १४० रुपये होतात. यंत्राचे भांडवल निराळे.

विजेने पाण्याचे विघटन निकल्सन व कार्लाइल यांनी १८०० मध्येच लंडनमध्ये करून दाखविले होते. म्हणजे तंत्र नवे नाही. प्रश्न प्रारंभापासून विजेच्या दराचा आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले. नांगलच्या खत कारखान्यात १९६१ पासून भाक्रा-नांगलच्या जलविद्युतेवर हायड्रोजन निघत होता. विजेची इतर मागणी वाढली, तेव्हा कारखाना इंधन तेलाकडे वळला.

१९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी थेट विघटित केले. परंतु ही वाट अजून प्रयोगशाळेबाहेर फारशी पडलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे लक्ष्य आहे. किलोला ५० युनिट या हिशेबाने त्यासाठी २५,००० कोटी युनिट वीज हवी.

सौर पटले वर्षभराच्या सरासरीने पूर्ण क्षमतेच्या जेमतेम पंचमांशच चालतात. पावसाळ्यात त्याहूनही कमी. तेवढा वेळ महागडे विघटनयंत्र रिकामे राहते, आणि किलोची किंमत वाढते. ते अहोरात्र चालवावयाचे तर तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राची वीज जवळच आहे. पण ती कोळशाची आहे.