नांगराचा विक्रेता, एक सामायिक स्वयंपाकघर आणि साताऱ्याची शाळा

(१)
शाळेत काय शिकवावे, कसे शिकवावे आणि मुळात शाळेत यावे कोणी? शिक्षणसुधारणेची चर्चा बहुधा पहिल्या दोन प्रश्नांभोवती फिरते. सातारा-सांगलीच्या भूमीत मात्र तिसरा प्रश्न आधी हाती घेतला गेला आणि दुसऱ्याकडे लक्ष वळायला पुढे अनेक दशके गेली. हा क्रम असा का लागला, याची ही हकीकत.

(२)
प्रथम भूगोल. आज वेगळे असलेले सातारा आणि सांगली जिल्हे एकेकाळी बव्हंशी एकाच प्रशासकीय पटावर होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. एकीकडे कृष्णाकाठची काळी जमीन, दुसरीकडे माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा पट्टा. या पट्ट्यातील मूल शाळेच्या वेळी गुरांमागे असे किंवा बापाबरोबर कामाच्या शोधात परगावी गेलेले असे.

(३)
या मुलाचा विचार करून अभ्यासक्रम मागणारा पहिला मोठा आवाज महात्मा जोतीराव फुले यांचा. त्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. मोडी व बालबोध लिपी, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य हे विषय त्यांनी सुचवले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, नांगर धरण्याची त्यांना लाज वाटू नये, असाही त्यांचा आग्रह होता.

(४)
सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची ती मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. पुढे ३७ वर्षांनी त्याच विचारपरंपरेतील एका माणसाने ती दुसऱ्या टोकाकडून हाती घेतली. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. त्यांचे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झाले नव्हते. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले आणि सत्यशोधक चळवळीत रमले.

(५)
शेतकऱ्याच्या मुलापुढची अडचण पुस्तकाच्याही आधीची होती. गावची शाळा संपली की पुढचे शिक्षण तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी. तेथे राहायचे कुठे आणि जेवायचे काय? अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर शहरात भाड्याची खोली मिळणेही दुरापास्त. म्हणून भाऊरावांनी शाळेआधी वसतिगृहाचा विचार केला. त्यांच्यासमोर कोल्हापूरचा नमुना होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून तेथे विविध समाजांसाठी वसतिगृहे उभी केली होती आणि भाऊराव स्वतः तेथील जैन वसतिगृहात राहिले होते.

(६)
४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली तिचे केंद्र साताऱ्यात आले आणि तेथे छत्रपती शाहूंच्या नावाचे वसतिगृह सुरू झाले. कोल्हापुरात बहुतेक समाजांची वसतिगृहे निरनिराळी होती, साताऱ्यात मात्र सर्वांसाठी एकच स्वयंपाकघर होते. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली, तेव्हा त्याच्या नामकरणाचा समारंभ त्यांच्याच हस्ते झाला.

(७)
ही पंगत चालवणे सोपे नव्हते. पैसा संपला की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने मोडले जात. अखेर मुलांच्या अन्नासाठी त्यांनी मंगळसूत्रही दिले. बालपणापासून सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या लेकरांसारखे सांभाळले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेच्या आरंभीच्या भांडवलात देणगीदारांच्या रकमांबरोबर हे सोनेही मोजावे लागते.

(८)
पुढचा प्रश्न फीचा. दान मागून काही मुले शिकतील, हजारो नाहीत, हे स्पष्ट होते. त्यातून ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत आकाराला आली. मुले शेतात राबत, माती खणत, खडी फोडत, बांधकामावर जात, आणि त्या श्रमातून त्यांच्या शिक्षणाचा खर्च निघे. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद झाले आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह.

(९)
येथे एक तुलना उपयोगी पडते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने ‘नई तालीम’चा आराखडा तयार केला. त्यात हस्तोद्योग हेच शिकवण्याचे माध्यम होते: सूत कातता कातता गणित यावे, कापसापासून भूगोल उलगडावा. साताऱ्यात श्रमाचे स्थान निराळे होते. सकाळी खणलेल्या मातीतून धडा काढण्याची अट तेथे नव्हती. त्या मातीची मजुरी मात्र मुलाला वर्गात बसवत होती. अमेरिकेत टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या संस्थेतील कृष्णवर्णीय विद्यार्थीही विटा पाडून आपल्याच शाळेच्या इमारती बांधत. साताऱ्याचे नाते वर्ध्याइतकेच टस्कीगीशीही जुळते.

(१०)
मुले आली, तरी गावात जाऊन शिकवणार कोण? १९३५ साली संस्थेने साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय काढले. ते वर्ष पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे असल्याने विद्यालयाला ‘सिल्व्हर ज्युबिली’ हे नाव मिळाले. ब्रिटिश बादशहाच्या उत्सवाचे नाव आणि आत सत्यशोधकी विचारांचे शिक्षक, असा तो योग होता. फुल्यांनी १८८२ साली मागितलेला नांगर धरणारा शिक्षक घडवण्याची सोय येथे झाली.

(११)
लगेच १९३८ साली साताऱ्याजवळच्या यवतेश्वर येथे पहिली व्हॉलंटरी शाळा सुरू झाली. सरकारी शाळा जेथे पोहोचत नव्हती अशा डोंगरवाड्यांसाठी ही योजना होती. देऊळ, चावडी वा एखाद्याची ओसरी ही इमारत, आणि बहुतेक ठिकाणी एकच शिक्षक. रयतच्या अशा शाळांची संख्या पुढे ५७८ पर्यंत गेली. लहान गावांतील कित्येक घरांत अक्षर ओळखणारी पहिली पिढी या शाळांनी दिली.

(१२)
१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल उघडले आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. सर्वांत कठीण परीक्षा १९४८ ची. गांधीहत्येनंतरच्या काळात मुंबई सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान बंद पडले. शाळा मिटण्याची वेळ आली, तेव्हा गावांनी वर्गणी व धान्य गोळा करून त्या चालू ठेवल्या. अनुदान पुन्हा सुरू झाले, परंतु या शाळांना आपले मानणारा समाज उभा राहिला आहे, हे या संकटात दिसून आले. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले.

(१३)
आता मर्यादेचा विचार. या साऱ्या कार्यात वर्गाच्या आतली रीत फारशी बदलली नाही. तीच क्रमिक पुस्तके, तेच पाठांतर, तीच मॅट्रिकची परीक्षा. हा निव्वळ दोष मानता येत नाही. शहरी मुलाच्या हाती जे प्रमाणपत्र होते, तेच शेतकऱ्याच्या मुलाला हवे होते. खेड्यासाठी निराळा, केवळ शेतीचा अभ्यासक्रम केला असता, तर नोकरीचे व उच्च शिक्षणाचे दार बंदच राहिले असते. समान परीक्षा देण्याचा हक्क हा त्या पिढीचा लढा होता. मात्र वर्गात बसलेल्या मुलाला खरोखर वाचता येते का, हा प्रश्न त्यामुळे मागे राहिला.

(१४)
तो प्रश्न फलटणमध्ये ऐरणीवर आला. अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठी बोलीचा, तिच्यातील सामाजिक भेदांचा अभ्यास केला होता. पुढे त्या तेथेच स्थायिक झाल्या आणि भारतीय नागरिक झाल्या. शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या दलित वस्तीतील मुलांसाठी त्यांनी वर्ग चालवले. १९८६ साली प्रगत शिक्षण संस्थेची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा सुरू झाली. संपूर्ण वर्णमाला क्रमाने घोकण्याऐवजी मोजकी अक्षरे आणि स्वरचिन्हे एकत्र शिकवायची, म्हणजे मूल पहिल्या काही दिवसांतच अर्थपूर्ण शब्द वाचू लागते, हे तेथील वाचनपद्धतीचे सूत्र. मुलाची घरची बोली ही चूक मानायची नाही, ही तिची भूमिका.

(१५)
त्यानंतरचा टप्पा सातारा तालुक्यातील कुमठे बीटचा. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत प्रत्यक्षात आणली. मुले गटात जमिनीवर बसू लागली, फरशीवर आखलेल्या चौकटींतून अंक व शब्द जुळवू लागली, काड्यांचे गठ्ठे बांधून दशक-एकक समजून घेऊ लागली. राज्यभरातील शिक्षक हे वर्ग पाहण्यास आले. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर झाला, त्यामागे कुमठ्याचा अनुभव होता. फरशीवरील आखणी कोणत्याही शाळेला एका दिवसात करता येते. मूल चुकते तेव्हा थांबून त्याचा विचार समजून घेणारा शिक्षक घडायला वर्षे लागतात. १९३५ साली अध्यापन विद्यालय का काढावे लागले, याचे उत्तर येथे पुन्हा मिळते.

(१६)
पहिला प्रश्नही अजून संपलेला नाही. दरवर्षी गाळप हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांच्या परिसरात येतात. त्यांची मुले गावची शाळा अर्ध्यावर सोडून फडात येतात. त्यांच्यासाठी साखरशाळांचे प्रयोग झाले, परंतु शाळेचे वर्ष आणि उसाचा हंगाम यांचा मेळ अद्याप पुरता बसलेला नाही. या मुलांना काय व कसे शिकवावे याची उत्तरे फलटण आणि कुमठ्यात सापडतात. त्यांनी वर्षभर कुठे राहावे, काय खावे आणि कोणाच्या पंगतीत बसावे, हा प्रश्न मात्र १९२४ साली साताऱ्याच्या वसतिगृहापुढे होता तोच आहे.